न चिकटणारी खिट्टी

माझ्या बायकोला माझं सगळं कळतं. डबा अर्धवट परत आला तर का आला, हे ती मला विचारत नाही, तीच मला सांगते. पण हे तिला कळलेलं नाही. तिला नाही, वर्कशॉपमध्ये कुणाला नाही, ज्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी चहा घेतो त्यालाही नाही. सांगायला म्हणून तोंड उघडतो आणि कापसाच्या भावाबद्दल बोलायला लागतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. कदाचित — कारण आत्तासुद्धा मी डब्याबद्दलच बोलतोय, नाही का?

तर गोष्ट एका खिट्टीची आहे. करंगळीच्या पेराएवढी, स्टेनलेस स्टीलची. ती मी बनवली.

यवतमाळला दारव्हा रोडला माझं छोटं वर्कशॉप आहे. लेथ, मिलिंग, एक जुनं कुरकुरणारं ग्राइंडर. कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांच्या पिना, पंपांचे बुश, गिरणीचे किरकोळ भाग, असलं काम. लोक मोडलेला तुकडा रुमालात बांधून आणतात आणि म्हणतात, असाच बनवून द्या. असाच कसा बनवून देऊ? मोडला म्हणूनच तर आणला ना! मग मी विचारतो, याला पाणी लागतं का, हे कशावर घासतं का, धक्का बसतो का. त्यावरून स्टील ठरवतो. हे ठरवणं मला फार आवडतं. त्या वेळी समोर चार माणसं ऐकायला असली तर जास्तच आवडतं. पंगतीत बसलो तरी वाढप्याच्या हातातल्या बादलीचं स्टील कोणतं हे मी शेजारच्याला सांगणार. लोक मला गमतीनं 'स्टीलवाले मास्तर' म्हणायचे आणि मी चिडायच्याऐवजी फुगायचो. असा माणूस होतो मी. अजूनही असेन.

सुनंदाताई पहिल्यांदा आल्या त्या दिवशी वर्कशॉपमध्ये असंच फुगणं चाललं होतं. त्या बोरी अरबच्या. जवळच्याच एका गावात शाळेत शिकवतात. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय गेला. मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर — म्हणजे धातूच्या पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि गुडघ्यापाशी एक बिजागरी. या बिजागरीत एक खिट्टी, म्हणजे लॉक, असते. पाय सरळ केला की स्प्रिंग तिला खाचेत ढकलते, टक्क असा आवाज येतो आणि पाय ताठ होतो. मग त्या पायावर उभं राहता येतं. बसताना खिट्टी ओढायची, गुडघा वाकतो. एवढंच यंत्र. पण माणसाचं सगळं वजन त्या पेराएवढ्या तुकड्यावर.

त्यांची जुनी खिट्टी साध्या लोखंडाची होती. घामानं आणि पावसानं गंजून अडकायला लागली होती. अख्खं नवं कॅलिपर मिळतं, सुटी खिट्टी मिळत नाही. "जय भीम भाऊ," त्या म्हणाल्या, "मले फळ्यापाशी उभं राहून शिकवा लागते. बसून शिकवलं त मागची पोट्टी दिसतच नाही." ताईंचं हसणं मोठं होतं, वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जाईल असं.

मी ताबडतोब भाषण सुरू केलं. भांड्यांचं असतं ते स्टेनलेस, आम्ही त्याला तीनशे चार म्हणतो, ते गंजत नाही, पण मऊ असतं. स्टीलवर स्टील घासलं की ते एकमेकांना चावतं, कड झिजते. इथे लागेल चारशे वीस. तेही स्टेनलेस, पण त्याला पाणी देता येतं — म्हणजे लालभडक तापवून तेलात विझवायचं, की ते कडक होतं. गंजायला थोडं जास्त जपावं लागतं, पण झिजायचं नाव घेत नाही. ताई शाळेतल्या मुलीसारख्या ऐकत होत्या. मी खिट्टी बनवली, नागपूरहून पाणी देऊन आणली, घासून चकचकीत केली. खोटं नाही सांगत, ते माझ्या हातून झालेलं चांगलं काम होतं. आणि म्हणूनच पुढचं सांगायला जिवावर येतंय.

ती खिट्टी न्यायला ताईंबरोबर त्यांचे मोठे भाऊ आले. विलासभाऊ. बोरीत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. आमच्याकडे स्टील ओळखायची एकच रीत — लोहचुंबक लावायचं. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर अस्सल. लग्नाच्या आंदणाची भांडी घ्यायला बाया येतात त्याही पदराच्या गाठीत चुंबक घेऊन येतात. विलासभाऊंच्या तर शर्टाच्या खिशातच ते कायम असायचं. आणि भांड्यांपुरती ती रीत बरीचशी बरोबरही आहे. पण पाणी देता येणारं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच. ते चिकटतं म्हणून खोटं नसतं. हे मला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं. ते माहीत नसणं हा काही त्यांचा गुन्हा नव्हता.

त्यांनी खिट्टीला चुंबक लावलं. चिकटली.

"हे पाहा!" ते ओरडले. "चिपकून राह्यलं! काहून भाऊ, आमाले येडं समजता काय? स्टेनलेस सांगता अन् लोखंड देता?"

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये एका जिनिंगचे सुपरवायझर बसले होते, शिवाय आणखी दोघं-तिघं गिऱ्हाईकं. मी समजावू लागलो. विलासभाऊंनी खिट्टी चुंबकाला लटकवून सगळ्यांसमोर फिरवली. कुणीतरी हसलं. सुपरवायझर म्हणाले, "मास्तर, तुमचं बी तसंच निंगालं काय?" — गमतीनं म्हणाले असतील. आणि माझं तोंड बंद झालं.

का बंद झालं? मी एक करू शकत होतो. तीच खिट्टी आणि एक भांड्याच्या स्टीलचा तुकडा, दोन्हींवर कानस मारून दाखवायची. मऊ तुकड्यावर कानस चालली असती, कडक खिट्टीवरून घसरली असती. चहा गार व्हायच्या आत सगळ्यांना कळलं असतं. कानस माझ्या हाताजवळ पडलेली होती. मी ती उचलली नाही. मी म्हणालो — हे शब्द मी कितीदा गिळले आहेत काय सांगू — मी म्हणालो, "चुकून दुसऱ्या रॉडमधून कापल्या गेली वाटते. बदलून देतो."

भित्रेपणा झाला, असं म्हणून मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. चार माणसांसमोर भांबावलो, कुणाचंही होतं. पण ते पुरतं खरं नाही. बघा, इथेच मी नेहमी थांबतो. भीती क्षणभरच होती. मागून आला तो राग. मला लोखंडवाला म्हणता? माझ्यासारख्याला? घ्या मग. घ्या तुमची न चिकटणारी! भांड्याच्या स्टीलची खिट्टी बनवताना माझे दात आवळलेले होते. असंही स्टील असतं जे चिकटत नाही आणि झिजतही नाही. ते लांबून मागवावं लागतं, पूर्ण बार घ्यावा लागतो. मी फोनसुद्धा केला नाही. मला ते नकोच होतं. माझ्या मनात काय होतं ते स्पष्ट सांगतो. माझ्या मनात होतं — झिजेल, खडखडेल, हे भाऊसाहेब मुकाट्यानं परत येतील, आणि मग मी कानस काढून सगळ्यांसमोर दाखवीन की खरं कोण बोलत होतं.

ती झिजावी अशी माझी इच्छा होती. सांगून झालं एकदाचं.

पाय कुणाचा होता? चुंबक माझ्या अंगावर धरणाऱ्याचा नव्हता. ज्या बाईनं माझं सगळं बोलणं मान हलवत ऐकलं, तिचा होता. हे त्या वेळी मला सुचलंच नाही का? सुचलं. ताई बाजूला स्टुलावर बसून भावाला म्हणत होत्या, "दादा, भाऊ सांगून राह्यले ना काही, आयकून त घे." त्यांना माझं म्हणणं ऐकायचं होतं. त्या एकट्यांनाच. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

नवी खिट्टी चुंबकाला चिकटली नाही. विलासभाऊंनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "रागावू नका भाऊ. बहीण हाय, जीव लागते." आणि ते खरंच होतं. त्यांनीच तिला लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं होतं. ताईंनी माझ्यासमोर पाय सरळ केला, टक्क झालं, त्या उभ्या राहिल्या आणि हसल्या. मी म्हणालो, अधूनमधून दाखवत जा. कधी, किती दिवसांनी, कशासाठी — हे काही बोललो नाही.

त्या आल्या नाहीत. कशाला येतील? चालत होतं. मी फोन करू शकत होतो. नंबर होता. रागसुद्धा ओसरला होता हो, एवढा काही मी दुष्ट नाही — पाहा, परत सुरू झालं माझं. राग ओसरल्यावरही फोन केला नाही, म्हणजे तर ते जास्तच वाईट. फोन करायचा म्हणजे सांगावं लागणार होतं की दिलं ते चुकीचं होतं आणि मला माहीत असून दिलं. आज करू, उद्या करू. दोन पावसाळे तसेच गेले.

मग ताई पडल्या. शाळेच्या ओट्याच्या पायरीवरून उतरताना, पाय ताठ असताना, गुडघा अचानक मुडपला. मुलांच्या देखत. खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळलाच ऑपरेशन झालं, आत सळई घातली. विलासभाऊ नायलॉनच्या पिशवीत कॅलिपर घेऊन माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. "भाऊ, पाहा बरं याले काय झालं." आणि ते लगेच दवाखान्यात परत गेले.

मी बिजागरी खोलली. खिट्टीची कड गोल झाली होती, वापरून वापरून साबणाची वडी होते तशी. अशी खिट्टी खाचेत शिरते, आवाजही करते, पण वजन आलं की घसरते. मी ती खिट्टी लेथच्या किसात टाकली. दुसऱ्या दिवशी कीस भंगारवाल्यानं उचलला. तो येणार हे मला माहीत होतं.

इथपर्यंत जे झालं त्याला मी चूक म्हणू शकलो असतो. मोठी, पण चूक. पुढचं जे आहे त्याला चूक म्हणता येत नाही.

ताई घरी आल्यावर मी बोरीला भेटायला गेलो. खरं सांगायला गेलो होतो, हे मी शपथेवर सांगतो — शपथेला काय अर्थ आहे म्हणा. त्या खाटेवर पडल्या होत्या, चेहरा सुकलेला. विलासभाऊ उशापाशी. मी बसलो न बसलो तोच ताईंनी विचारलं, "भाऊ, लॉक पाह्यलं काय तुमी? काय झालतं त्याले? मी टक्क आयकला होता. उतरायच्या आधी मी नेहमी आयकतो भाऊ, तवाच पाय टाकतो."

दोघंही माझ्याकडे बघत होते. पाणी ठेवलेला तांब्या समोर होता. मी पाणी प्यायलो. आणि म्हणालो, "लॉक चांगलं आहे ताई. अर्धवट बसलं असंन. अर्धवट बसलं तरी कधी कधी आवाज येतो."

हे ते. हेच सांगायचं होतं.

ताई छताकडे बघत राहिल्या. विलासभाऊ म्हणाले, "मी म्हनत नव्हतो काय, सारं घाईत असते हिचं?" रागानं नाही, रडवेले होऊन म्हणाले. मग ताई हळूच बोलल्या, "असंन भाऊ. माहीच चूक असंन."

मी तिथे बसून चहाही घेतला.

त्यानंतर, मनाची खात्री म्हणून नवीच टाकतो असं सांगून, मी कॅलिपरमध्ये पाणी दिलेली, कडक, चारशे वीसची खिट्टी बसवली. पैसे घेतले नाहीत. विलासभाऊंनी या वेळी चुंबक खिशातून काढलंसुद्धा नाही. म्हणाले, तुमच्यावर भरवसा हाय आता. त्या भरवशानं मला जेवढं कानकोंडं केलं तेवढं त्यांच्या त्या दिवशीच्या ओरडण्यानंही केलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी त्यांच्या घराशी बांधला गेलो आहे. दर हिवाळ्यात ताई तुरीच्या शेंगांची थैली पाठवतात. बायको मीठ घालून उकडते, सगळे सोलत बसतात, मीही सोलतो, मीही खातो. शेंगा नको म्हणायला काय कारण सांगू? यवतमाळला आले की विलासभाऊ माझ्याकडे टेकल्याशिवाय जात नाहीत. ओळखीच्या कुणाचंही काही मोडलं की त्याला घेऊन माझ्याकडेच. हा माणूस एक नंबर इमानदार हाय, असं माझ्यासमोर सांगतात. मी लेथ सुरू करतो, म्हणजे आवाजात पुढचं ऐकू येत नाही.

आता सांगायचं तर काय काय सांगावं लागेल? त्यात विलासभाऊंचं चुंबकही येईल. ज्या भावानं तिला दांडीवरून शाळेत नेलं, त्याला कळेल की त्याच्या हट्टापायी ती खिट्टी बदलली. तो माणूस मोडून पडेल. मग मी त्यांच्यासाठी गप्प आहे, असं मी स्वतःला सांगतो. किती सोयीचं आहे, नाही? हट्ट त्यांचा होता, पण त्यांना खरं माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी माझ्या भेकडपणाला त्यांच्या काळजीचं पांघरूण घालतो आणि रोज झोपतो.

ताई परत शाळेत जाऊ लागल्या. पण पूर्वीसारख्या नाही. पाय सरळ केल्यावर वाकून खिट्टीला बोटानं चाचपतात, पुन्हा चाचपतात, सरळ उभ्या राहतात आणि परत वाकतात. एकदा माझ्या वर्कशॉपमध्येच पाहिलं. लॉक पक्कं बसलं होतं, आवाज मलासुद्धा आला, तरी त्यांनी मला विचारलं, "बसलं काय भाऊ?" हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. शाळेत मुलं हसतात म्हणून त्यांनी फळ्यापाशी उभं राहणं कमी केलं. मग एसटीनं एकटीनं जाणं बंद झालं, विलासभाऊ सोडतात आणि आणतात. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य सारखं येऊ लागलं — माह्या ध्यानात राहत नाही. गॅस बंद केला की नाही, कुलूप लावलं की नाही, हजेरी घेतली की नाही. घरातले हसतात, वय झालं म्हणतात. तिला काहीही विसरायला झालेलं नाही. तिच्या कानांनी जे ऐकलं ते तिनं ऐकलं नाही, असं मी तिला पटवून दिलं. तेव्हापासून ती स्वतःचं काहीच खरं धरत नाही.

बघा, मी ताईंना एकेरीत बोलायला लागलो. मनात तसंच बोलतो. मनात मी तिच्याशी रोज बोलतो.

या दिवाळीनंतर दोघं आले. ताई व्हीलचेअरवर होत्या. मला वाटलं परत काही झालं. तसं नव्हतं. विलासभाऊंनी पिशवीतून कॅलिपर काढून माझ्या टेबलावर ठेवलं. पट्टे पुसलेले, बिजागरीला तेल दिलेलं.

"कोनाले कामी पडंन त द्या भाऊ," ताई म्हणाल्या.

मी म्हणालो, "ताई, लॉक चांगलं आहे." या वेळी ते खरं होतं. अगदी खरं. मी बिजागरी हातात घेऊन पाय सरळ करावा तशी सरळ केली. टक्क झालं. मी सगळं वजन टाकून दाबली. हलली नाही. आणखी कितीही वर्षं हलणार नाही.

ताई हसल्या. ते पूर्वीचं मोठं हसू नव्हतं. "लॉक चांगलंच हाय भाऊ. माह्यावरच भरवसा नाही राह्यला मले."

विलासभाऊ दाराबाहेर बघत होते. वर्कशॉपमध्ये दुसरं कुणीही नव्हतं. यंत्रं बंद होती. मला कुणी अडवत नव्हतं.

मी म्हणालो, "बरं ताई."

त्या गेल्या. त्या आता बसून शिकवतात. त्या दिवशी पायरीवर लॉक त्यांनी नीट लावलं होतं. हे मला माहीत आहे. त्यांना माहीत नाही.